झिप, टार उघडायला टेम्पररी फोल्डर कसं करायचं?

प्रश्न : नमस्कार, मी लिनक्स वापरतो आणि दिवसाला पाचसहा तरी टार नाहीतर झिप फाइली (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या) टर्मिनलवरून उघडाव्या लागतात. परवा चुकून होम फोल्डरमध्येच टार -एक्सएफ मारलं आणि तीनचारशे फाइली सगळीकडे पसरल्या, त्यात माझी स्वतःची रीडमी होती तीपण गेली. आता मी /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींची जागा) मध्ये टेस्ट नावाचं फोल्डर करून तिथे उघडतो. हे बरोबर आहे का? आणि काम झालं की ते आपोआप डिलीट होईल असं काही करता येतं का?

उत्तर : रीडमी गेली हे वाचून खरंच वाईट वाटलं. टार विचारत नाही हो, त्याच नावाची फाइल आधीपासून असली तर तिच्या जागी नवीन टाकून मोकळं होतं, अनझिप निदान थांबून विचारतं तरी. ज्या टारमध्ये सगळं एका फोल्डरात बांधलेलं नसतं तिला टारबॉम्बच म्हणतात, आणि अशी फाइल बाहेरून बघून ओळखू येत नाही, म्हणून आधी टार -टीएफ मारून यादी बघायची सवय लावा, पहिल्या दहावीस ओळींतच कळतं. झिपला अनझिप -एल.

टेस्ट फोल्डरचं म्हणाल तर होमपेक्षा हजारपट बरं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. कालच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात, त्यात आजच्या मिसळतात, आणि मग जुनी फाइल नवीन समजून आपण तासभर डोकं फोडत बसतो. शिवाय /टीएमपी मध्ये मशीनवरचे सगळेच युजर लिहू शकतात, त्यामुळे अंदाज करता येईल असं नाव ठेवलं तर दुसरा कोणी त्याच नावाची लिंक आधीच करून ठेवू शकतो आणि तुमच्या फाइली भलतीकडेच जाऊ शकतात.

यावर उपाय आहे एमकेटेम्प -डी. ही कमांड दरवेळी नवीन फोल्डर करते, नावाला रँडम अक्षरं लावते, परमिशन 700 ठेवते म्हणजे तुमच्याशिवाय (आणि रूट म्हणजे अ‍ॅडमिनशिवाय) आत कोणी डोकावणार नाही, आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता छापून देते. तो पत्ता एका व्हेरिएबलमध्ये धरायचा. स्क्रिप्टमध्ये एवढंच लिहा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं):

काम="$(एमकेटेम्प -डी)" || एक्झिट 1
ट्रॅप 'आरएम -आरएफ "$काम"' एक्झिट
टार -एक्सएफ "फाइलचं नाव" -सी "$काम"

पहिल्या ओळीतलं एक्झिट 1 फालतू समजून गाळू नका. फोल्डर झालंच नाही तर व्हेरिएबल रिकामं राहतं, आणि पुढे कुठे अवतरणचिन्हांशिवाय सीडी $काम लिहिलेलं असेल तर रिकाम्या नावाने सीडी सरळ होममध्ये नेऊन सोडतं, म्हणजे पुन्हा परवाचाच प्रकार. दुसऱ्या ओळीत तुमच्या आपोआप डिलीटचं उत्तर आहे, स्क्रिप्ट नीट संपो, मध्येच एररने बाहेर पडो किंवा तुम्ही कंट्रोल-सी दाबा, बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ट्रॅप चालतो आणि फोल्डर जातं. फक्त किल -9 ने (जबरदस्तीने) मारलं तर नाही. या ओळीतलं एक्झिट सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं.

तिसऱ्या ओळीतली सी पण कॅपिटल, कारण लहान सी म्हणजे नवीन आर्काइव्ह बनव. आणि -एफ च्या लगेच नंतर फाइलचंच नाव पाहिजे, तिथे -सी आली तर टार त्यालाच फाइलचं नाव समजतं. आणखी एक फरक, टारला फोल्डर आधी तयार लागतं, अनझिप -डी दिलं तर ते स्वतः बनवून घेतं. टार कुठल्या पद्धतीने दाबलेली आहे, जीझिप की एक्सझेड, याची काळजी करू नका, हल्लीचं टार फाइल बघून स्वतःच ओळखतं.

प्रश्न : मी एमकेटेम्पच वापरते, पण मोठी झिप उघडताना जागा संपली असा एरर येतो. डिस्कवर तर भरपूर जागा रिकामी आहे!

उत्तर : तुमचं /टीएमपी बहुतेक डिस्कवर नाहीच, रॅममध्ये आहे. फेडोरा या लिनक्समध्ये हे बऱ्याच वर्षांपासून असं आहे आणि 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्येही नवीन इन्स्टॉलला तसंच येतं, आणि साधारण अर्ध्या रॅमएवढीच जागा मिळते. डीएफ -एच /टीएमपी मारा, टीएमपीएफएस (रॅममधली साठवण) दिसलं की समजा हेच कारण. अशा वेळी एमकेटेम्प -डी -पी /व्हीएआर/टीएमपी लिहा, ते डिस्कवर असतं. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) याच्या मूळ सेटिंगमध्ये /टीएमपी मधलं 10 दिवस हात न लागलेलं साफ होतं आणि /व्हीएआर/टीएमपी मधलं 30 दिवसांनी, म्हणजे मोठ्या फाइली तिथे महिनाभर जागा अडवून बसू शकतात, तेव्हा वरची ट्रॅपची ओळ तुम्हीपण घाला. आणि उघडायच्या आधी अनझिप -एल ची शेवटची ओळ बघा, सगळं सुटल्यावर एकूण किती बाइट होणार ते तिथे दिलेलं असतं.