रंगालाच दोषी धरू नकोस

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाचा आराखडा वाचला. डाईंगच्या सांडपाण्यात झेब्रा माशाच्या भ्रूणांचं काय होतं ते बघायचं, हे मला मनापासून पटलं. टॉवेल-चादरींवर पोट भरणाऱ्या गावातल्या पोरांनी हा प्रश्न हाती घ्यायलाच हवा. पण तुझा सगळा भर रंगावर आहे आणि तिथंच थोडं थांब.

सुतावर रिॲक्टिव्ह रंगाची (सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाची) गडद छटा चढवायची तर लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ लागतं, वर सोडा ॲश. साहजिकच रंगाच्या टाकीतून सुटणारं पाणी अतिशय खारट आणि अल्कधर्मी असतं. गोड्या पाण्यातलं अंडं त्यात मरेलच. पण मारलं कुणी, रंगानं की मिठानं? म्हणून प्रत्येक नमुन्याचा सामू आणि विद्युतवाहकता मोज. तेवढंच मीठ आणि तोच सामू असलेल्या बिनरंगी पाण्याची एक वेगळी डिश ठेव. ती नसेल, तर रंगावर आरोप करायचा तुला हक्क नाही.

आणि ज्याला रंगच नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. कापड धुताना वापरल्या जाणाऱ्या काही डिटर्जंटमध्ये नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाचं रसायन असतं. पाण्यात ते मोडून नॉनिलफिनॉल उरतं आणि माशाच्या शरीरात ते इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे मादीच्या संप्रेरकासारखं, वागतं. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात या इथॉक्सिलेटवर मर्यादा घातली आहे. अशा द्रव्यानं भ्रूण मरेलच असं नाही. नर-मादीच्या घडणीतली गडबड पिल्लं मोठी झाल्यावरच कळते. तुझ्या चार दिवसांच्या चाचणीत ती दिसणार नाही, हे अहवालात स्पष्ट लिही.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची माशांच्या भ्रूणांवरची २३६ क्रमांकाची चाचणी (२०१३) तू निवडलीस, ते योग्यच. ९६ तासांत ती चार खुणा बघते: अंडं गोठणं, शरीराचे खंड न पडणं, शेपटी बलकापासून सुटी न होणं, हृदय न धडधडणं. या चारही मृत्यूच्या खुणा. मला जिवंत भ्रूणांची नोंदही हवी. साधारण २४ तासांनी हृदय चालू होतं, ४८ ते ७२ तासांत पिल्लू बाहेर येतं. मिनिटाचे ठोके मोज, हृदयाभोवती पाणी साठलंय का बघ, शेपटी वाकडी आहे का, अंडं फुटायला उशीर होतोय का, तेही लिही. वाकड्या शेपटीचं पिल्लू तुझ्या तक्त्यात ‘जिवंत’ असतं, पण सीना नदीच्या पाण्यात त्याला ना भक्ष्य पकडता येईल ना शत्रूपासून पळता येईल.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. या चाचणीला २६ अंश तापमान लागतं, फार तर एक अंश इकडेतिकडे. पाणी ३३ अंशांच्या वर गेलं की नुसत्या उष्णतेनंच भ्रूण वेडेवाकडे होतात. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि इन्क्युबेटर बंद पडला, तर ती तुकडी सरळ टाकून दे. बोअरचं पाणीही वापरू नकोस. तसल्या क्षारयुक्त, कठीण पाण्यातलं कॅल्शियम तांब्यासारख्या धातूंना शरीरात शिरताना अडवतं, त्यामुळे विषाची मात्रा तीच असली तरी परिणाम कमी दिसतो.

सबमिशनची घाई मला कळते. तरीही सांडपाण्याच्या बाटलीला हात लावण्याआधी नुसत्या स्वच्छ पाण्यात अंडी वाढव. त्यातली ९० टक्के चार दिवस जगायला लागली की नोंदवही घेऊन ये. नमुने कुठून आणि कधी घ्यायचे, ते तेव्हा बसून ठरवू.

तुझे,
सर