कंबरदुखी : गोळ्या, कटिबस्ती आणि वस्तादांची मालिश

प्रश्न : वय ५२, गुऱ्हाळावर काम. आठ महिने कंबर दुखते. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' निघालंय. शुगर आहे. गोळ्या चालू असताना वैद्यांकडं कटिबस्ती घेतली, काढा प्यायला तर चालेल का?

उत्तर : कटिबस्ती चालेल. काढ्यातली औषधं मात्र कागदावर लिहून दोघांनाही दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवणारे पेशंट मी रोज बघतो आणि घोळ तिथंच होतो. 'बल्ज'ला, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी फुगून बाहेर येण्याला, घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या एमआरआयमध्ये ते दिसतं.

कटिबस्तीत कंबरेवर उडदाच्या पिठाची पाळ करून कोमट तेल धरतात. उबेनं आखडलेले स्नायू सैल होतात. पण शुगरमुळं बधिरपणा आला असेल तर तेल पोळतंय हे तुम्हाला कळणारच नाही, म्हणून वैद्यांना आधी स्वतःच्या मनगटावर बघायला सांगा. आणि घरी जाऊन आडवे होऊ नका. मोकळ्या झालेल्या कंबरेनं चाला, झेपेल तसं भुजंगासन, सेतुबंधासन करा. तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी अशा नेमानं कमी व्हायला मदत होते. डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज पोटात जात असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या, शुगरवाल्यांच्या किडनीला ती महागात पडते.

प्रश्न : आईला एकानं दिलेल्या पुडीनं दोन दिवसांत आराम पडला. दोन महिने घेतेय. चालू ठेवू?

उत्तर : नाव नाही, घटक नाहीत आणि असा झटपट आराम, म्हणजे मला स्टेरॉइडची शंका येते. एका आजींच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेल्या अशाच पुड्या निघाल्या होत्या. चेहरा गोल सुजलेला, जरा धक्का लागला की हातावर काळानिळा डाग. तरीही पुडी स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानंही जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन उद्याच फिजिशियनकडं जा.

प्रश्न : वडील ७० वर्षांचे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू. तालमीतल्या वस्तादांकडून कंबर रगडून घेऊ का?

उत्तर : वस्तादांच्या हाताला गुण असतो, मी मानतो. पण तो हात पैलवानाच्या अंगासाठी. वडिलांना हलक्या हातानं तेल लावा. पाय देणं, झटका देणं नको : आत रक्त साकळेल, ठिसूळ मणका मोडेल.

प्रश्न : पट्टा कायम बांधू का?

उत्तर : नको. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीला पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नको असंच सांगितलंय.

प्रश्न : कालपासून लघवी अडकतेय, बसायची जागा बधिर झालीय. आधी पंचकर्म करू?

उत्तर : नाही. मज्जातंतू दाबले गेले असतील. आत्ता, रात्र असली तरी, कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.