उत्तर: पॅसिव्ह नोडला दिवसाच यम अपडेट मारू का?

भाऊ, तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. दोन नोडचा, म्हणजे दोन मशीनचा पेसमेकर क्लस्टर (एक पडलं की दुसरं काम उचलतं), सेंटओएस ७ लिनक्स, एकावर डेटाबेस चालू, दुसरा नुसता बसलेला, आणि साहेब म्हणतात त्या बसलेल्याला, म्हणजे पॅसिव्ह नोडला, दिवसाच यमने (पॅकेज बसवायची कमांड) अपडेट मारून टाक. हेच मी स्वतः बोललो होतो, जळगावात, मे महिन्यात, कापसाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं त्यावर.

बॅकअप, रेपो, मिरर हे तुला माहीत असेलच, त्यात जात नाही.

माझी चूक सांगतो. रिकामाच आहे ना म्हणून मी नोडला स्टँडबायला (क्लस्टरमधे राहून काम न घेणं) टाकलंच नाही, क्लस्टरही थांबवला नाही. अपडेट झालं, रीबूट मारला, चहा प्यायला गेलो. आता गंमत बघ, क्लस्टर उभा करताना कोणीतरी फायरवॉलमधे हाय-अव्हेलेबिलिटी सर्व्हिस (क्लस्टरची पोर्ट उघडणारा नियम) टाकली होती पण परमनंट न लावता, त्यामुळे रीबूटनंतर नियम गायब, नोड ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या कोरोसिंकचं ५४०५ पोर्ट बंद. नोड उठला, त्याला दुसरा दिसेना, त्याने धरलं की दुसरा मेला, आणि सॅनवरची (दोघांच्या सामाईक स्टोरेजवरची) तीच एक्सटी-फोर डिस्क, जी एका वेळी एकानेच वापरायची असते, यानेही माउंट केली. दोन मशीन, एक डिस्क, दोन्हीकडे डेटाबेस चालू. मी परत आलो तर अकाउंटवाले आप्पा दारातच, "कायले हात लावला भो त्याले?"

डिस्क दुरुस्त करणाऱ्या एफएससीकेने फाइलींचा पार भुगा करून लॉस्ट-फाउंड फोल्डरमधे टाकला. शेवटी रात्रीच्या बॅकअपवरून आणलं आणि त्या दिवसाच्या पावत्या हाताने परत भरल्या, भुसावळहून चार दिवस येजा केली मी त्यासाठी.

खरं तर फेन्सिंग असतं तर हे झालंच नसतं, एकाने दुसऱ्याला आधी बंद केलं असतं. पण ज्यांनी क्लस्टर बसवून दिला त्यांनी स्टोनिथ-एनेबल्ड (फेन्सिंगचीच सेटिंग) फॉल्स करून ठेवलेलं, कारण काय तर टेस्टिंगला एकदा नोड रीबूट झाला म्हणे! अरे बाबा त्याचं कामच ते आहे. वर नो-कोरम-पॉलिसी इग्नोर (बहुमत नसलं तरी काम चालू ठेव), कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमधून उचललेली. त्यांच्या सपोर्टला फोन केला तर अपडेट करारात बसत नाही, मेल टाका. मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं, तिकीट क्लोज, समस्या ग्राहकाकडून सुटली आहे. नाव घेत नाही, पण अजून आठवलं की डोकं तापतं.

म्हणून माझं मत, (तुझा सेटअप मी पाहिलेला नाही, स्वतः तपासून घे): नोड रिकामा असो की भरलेला, आधी स्टँडबाय, मग त्या नोडवर क्लस्टर स्टॉप आणि डिसेबल, मग अपडेट, रीबूट, फायरवॉलची यादी डोळ्याने बघ, दुसऱ्या नोडला पोचतोय का बघ, तेव्हाच हाताने क्लस्टर सुरू कर. स्टँडबाय काढायचं सगळ्यात शेवटी. यम-क्रॉन (आपोआप अपडेट करणारं) दोन्हीकडे चालू असेल तर आजच बंद कर, दोघं एका रात्री अपडेट झाले तर क्लस्टर कशाला घेतला मग.

आणि एक नोड नवा, एक जुना असं आठवडे ठेवू नको. जुना एकदा बाहेर पडला आणि पेसमेकरची सूत्रं नव्याकडे गेली की जुन्याला अपडेट केल्याशिवाय परत आत घेत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तसंही ३० जून २०२४ नंतर सेंटओएस ७ ला नवीन अपडेट येत नाहीत, म्हणजे तू मारतोयस ती मागची थकबाकी. पुढे आठव्या आवृत्तीवर गेलास तर कोरोसिंक दोनचं तीन होतं, ते एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे एकेक नोड करून चालत नाही, डाउनटाइम मागावाच लागतो. साहेबांना हे लेखी दे, तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

आधी पीसीएस प्रॉपर्टी या क्लस्टरच्या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडचा आउटपुट इथे टाक, आयपी पुसून. स्टोनिथ फॉल्स दिसलं तर अपडेट राहू दे बाजूला, आधी ते बघू.