शनिवारी काम नाकारलं म्हणून अमेरिकेत बेकारी भत्ता बंद होऊ शकतो का?

कारण खरोखर धार्मिक असेल तर सहसा नाही. १९६३ चा शेर्बर्ट विरुद्ध व्हर्नर हा निकाल इथे कामी येतो. खटला लढणारी शेर्बर्ट साउथ कॅरोलिनातल्या कापड गिरणीत कामगार होती आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पवित्र मानून त्या दिवशी काम न करणाऱ्या ख्रिस्ती पंथाची होती. शनिवार पाळते म्हणून नोकरी गेली आणि 'योग्य काम नाकारलं' असा शेरा मारून राज्याने भत्ताही अडवला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोट की धर्म अशा पेचात माणसाला टाकणं म्हणजे उपासनेवर दंड लावण्यासारखंच आहे. १९८९ मध्ये फ्रेझी खटल्यात तर कुठल्याही पंथाचा सभासद नसलेल्यालाही रविवारच्या सुट्टीसाठी हेच संरक्षण मिळालं. म्हणजे चर्चचं पत्र आणलंच पाहिजे असं नाही, श्रद्धा प्रामाणिक हवी.

पण याला मर्यादा आहेत. १९८६ च्या बोवेन विरुद्ध रॉय मध्ये सरकारने मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) वापरल्याने तिच्या आत्म्याला अपाय होईल, असं वडिलांचं म्हणणं होतं. कोर्टाने सांगितलं की सरकारने स्वतःचं दफ्तर कसं चालवावं हे तुमची श्रद्धा ठरवू शकत नाही. १९९० च्या स्मिथ निकालाने आणखी कात्री लावली: धार्मिक विधीत पेयोटी (नशा आणणारं एक निवडुंग) घेतल्याने नोकरी गेलेल्यांना ओरेगनने भत्ता नाकारला, तो नकार कोर्टाने योग्य ठरवला, कारण पेयोटीवरची बंदी सगळ्यांना सारखीच होती. मला हा निकाल पटत नाही. काँग्रेसलाही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेलाही, पटला नव्हता, तिने १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्य जपणारा वेगळा कायदाच केला. मात्र १९९७ पासून तो राज्यांना लागू नाही.

भत्ता नाकारल्याचं पत्र आलं असेल तर आधी अपिलाची मुदत बघा, ती फार थोडी असते.