आधी न्हाणीघराचा फोटो मागवा

टोरांटोहून एका वाचक भगिनीने विचारलंय: आईच्या खुब्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं, परवा डिस्चार्ज आहे, घर देवगडजवळच्या वाडीत, घरी फक्त बाबा. मी लगेच तिकीट काढू का?

तिकिटाचं नंतर बघू. आज रात्री दोन फोन करा. पहिला वॉर्डात. वॉकर धरून उठणं, बसणं, संडासला जाणं फिजिओथेरपिस्टने शिकवलंय का? नसेल तर एक दिवस जास्त ठेवा म्हणून स्पष्ट सांगा. लांबून बोलताना आपण उगाच भीड बाळगतो. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील, तर वाडीत ती रोज कोण टोचणार, हेही तेव्हाच ठरवा. घाट उतरताना गाडी मध्ये कुठे थांबवायची, तेही विचारून घ्या.

दुसरा फोन बाबांना. न्हाणीघराचा आणि तिथपर्यंतच्या वाटेचा फोटो मागा. आपल्याकडे न्हाणी बहुधा मागीलदारी, चिऱ्याच्या दोन पायऱ्या उतरून, आणि पावसात त्यांवर शेवाळ. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आई घरी पोचण्याआधी यायला हवी. उकिडवं आणि जमिनीवर बसणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पाटावर बसूनच जेवण्याचा हट्ट आई करणारच. तो मोडायचं काम बाबांवर टाकू नका, डॉक्टरांकडूनच तिला सांगायला लावा.

गोळ्यांचा घोळ मात्र हमखास होतो. घरातल्या डब्यात बीपीची जुनी गोळी असते, नव्या कागदावर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने. दोन्ही पोटात गेल्या की बीपी उतरतं, चक्कर येते आणि माणूस पुन्हा पडतं. व्हिडिओ कॉलवर एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, मोठ्या नावाखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा आणि डिस्चार्जच्या कागदाशी ताडून पाहा. शंका आली तर डॉक्टरांना विचारूनच गोळी बंद करा.

एक पिंढरी सुजली, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला तर थेट 108. आई अचानक भलतंसलतं बोलू लागली, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झाल्यानेही तसं होतं, त्यामुळे लगेच दाखवा.

आता तिकीट. पहिले आठ दिवस शेजारच्या काकू पेज आणतील, पाहुण्यांची रीघ लागेल. नंतर वर्दळ ओसरते आणि बाबा थकतात. त्या सुमारास या. तोवर रात्री आईजवळ राहणाऱ्या बाईचे पैसे पाठवा, म्हणजे बाबांना झोप तरी मिळेल.