बाळाचा सीआरपी (शरीरात संसर्ग किंवा सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी डॉक्टर अँटिबायोटिक बंद करत नाहीत. बिल वाढवतायत का?

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. 'सीआरपी नॉर्मल आहे ना, मग झालं' हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकते तेव्हा समजू शकते. डॉक्टरांकडून ऐकते तेव्हा डोकं फिरतं.

सीआरपी वाढायलाच सहा ते बारा तास लागतात, शिगेला पोचायला एक-दोन दिवस. बाळ बिघडायला लागलं त्याच तासाला रक्त काढलंत तर रिपोर्ट छान येणारच. उलट बाळंतपण अवघड झालं किंवा मेकोनियम (बाळाची पहिली शी) छातीत गेलं, तर जंतू नसतानाही तो चढतो.

आमच्याकडे बत्तीस आठवड्यांचं एक बाळ होतं, नुकतं वजन धरू लागलेलं. एका रात्री फीडच्या आधी नळीतून ओढून पाहिलं, तर आधीचं दूध जवळपास सगळं परत आलं, तेही हिरवट. पोट फुगलेलं, तळपाय गार, मांड्यांवर जाळी उमटलेली. डायपर बदलताना एरवी पाय झाडणारं पोर नुसतं पडून राहिलं. ड्यूटीच्या डॉक्टरांना उठवलं. त्यांनी फक्त सीआरपी पाठवला, तो नॉर्मल आला. "सिस्टर, रिपोर्ट बघा, उगाच घाबरवू नका," म्हणाले आणि बाकी सगळं सकाळच्या राउंडवर ढकललं. मी वेळ टाकून नोट्स लिहिल्या, परत फोन केला, परत बोलणी खाल्ली. पहाटे बाळाचा श्वास थांबला, तेव्हा कुठे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) काढायला आले. तेही चार थेंबांवर भागवणार होते. पूर्ण एक मिली घ्या म्हणून मी बाटली हातात धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू वाढला, आणि पुन्हा केलेला सीआरपी आता चढलेला होता. बाळ व्हेंटिलेटरवर जाऊन वाचलं. त्या डॉक्टरांनी विषय परत काढला नाही, मला मात्र आजही काढावासा वाटतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवलं: रडणं क्षीण झालं, चोखणं कमी झालं, अंग ढिलं पडलं, पोट फुगलं, बाळ गार लागलं तर संसर्ग धरा आणि उपचार सुरू करा. तिथे कुठली लॅब? तरी अर्भकमृत्यू किती घटले ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अन् आमच्याकडे एवढी यंत्रं असून नजरेला किंमत नाही.

तुमच्या बाळाचं म्हणाल, तर बिलाआधी कल्चरचं विचारा. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी काढलं का? निदान एक मिली रक्त होतं का? ते नीट काढलेलं असेल, ३६ ते ४८ तासांत काही वाढलं नसेल, दुसरा सीआरपीही कमी असेल आणि बाळ दूध पीत असेल, तर 'आता बंद करता येईल का?' असं खुशाल विचारा. विनाकारण लांबवलेलं अँटिबायोटिकही घातकच, कमी दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना तर फार. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत नवजात बाळांच्या संसर्गावर २०११ ते २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हेच जंतू सगळ्यात जास्त सापडले होते, आणि त्यातले कितीतरी एकाहून जास्त औषधांना दाद न देणारे. थोडक्यात, डॉक्टर प्रत्येक वेळी लुटतातच असं नाही, आणि प्रत्येक वेळी बरोबरच असतात असंही नाही.

मी डॉक्टर नाही, तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही. कल्चर निगेटिव्ह असूनही बाळ खरंच आजारी असू शकतं, तेव्हा माझ्या भरवशावर औषध बंद करायला लावू नका. पण राउंडला डॉक्टर फाईल चाळत असतील, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरने काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला सांगा. त्यांना राग आला तर येऊ दे.