कुंडीतल्या गोगलगाई आणि उंदराच्या फुप्फुसातला कृमी

ताई, कुंड्यांत गोगलगाई निघाल्या म्हणून घाबरू नका, पण उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मुलांना वेचायला लावू नका.

कारण गोगलगाईत एका कृमीच्या अळ्या असू शकतात. या कृमीचं खरं घर उंदराचं फुप्फुस. अळ्या लेंडीतून बाहेर पडतात, लेंडी गोगलगाय खाते, गोगलगाय पुन्हा उंदीर खातो. मध्येच माणूस किंवा कुत्रा सापडला, तर अळी मेंदूत शिरते आणि तिथेच अडकते. सिडनीत २०१० साली एका तरुणाने पैजेखातर बिनशंखाची गोगलगाय गिळली. वर्षाहून अधिक काळ कोमात होता, २०१८ मध्ये गेला. फार वाईट वाटतं.

मला मोठ्या शंखीपेक्षा पानाच्या घडीत लपलेल्या नखाएवढ्या पिल्लाची जास्त भीती वाटते. कच्ची खायची पानं एकेक सुटी करा, दोन्ही बाजू वाहत्या पाण्याखाली चोळा. शंका आली तर शिजवाच.

कुत्र्याचं पाण्याचं भांडं रात्री अंगणात नको. कुत्र्याच्या पिल्लाचे मागचे पाय लटपटले किंवा हात लावताच ते विव्हळलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या आणि बागेतल्या गोगलगाईंबद्दल आवर्जून सांगा.